मेखलेने डबी उघडली

एका राज्यात पाहुणचाराचे इतके स्तोम होते की परदेशी व्यापाऱ्यासमोर त्याचे गाठोडे सोडून पाहणे हा त्याचा अपमान मानीत. मोल आधी द्यायचे, व्यापाऱ्याला धक्क्यापर्यंत पोचवायचे, मग माल उघडायचा. राजा धृतिवर्म्याने याच रीतीने एका मांत्रिकाकडून बंद पेटीतला सूर्यमणी घेतला. मांत्रिकाचे गलबत दिसेनासे झाल्यावर राजाने पेटी उघडली. आतून मूठभर काळोख निघाला आणि राजाच्या डोळ्यांत शिरला.

राजाची बहीण मेखला लहानपणापासून नसत्या चौकशांबद्दल बोलणी खात आलेली. ती म्हणाली, "दादा, सात समुद्रांपलीकडच्या बाजारात दिव्यांजन मिळते. मी आणते."

"जा," आंधळा राजा म्हणाला, "पण कुणाचा अपमान करू नकोस."

त्या बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी मैना बसली होती. "मी इथली जामीन. मोल माझ्याकडे ठेव. गुण आला तर ते विकणाऱ्याला देईन, नाही तर तुला परत."

पहिल्या दुकानावर सोन्याची कौले होती आणि दारात शंभर पोपट. "अंजन उत्तम, डोळे निवले!" ते एकसुरात ओरडत. मेखलेने एकाला विचारले, "तुझ्या डोळ्यांना झाले काय होते?" पोपट म्हणाला, "अंजन उत्तम, डोळे निवले!" मेखला पुढे निघाली.

दुसरा दुकानदार घाईत होता. "मैना कशाला मध्ये? मोल माझ्या हाती द्या, आत्ताच!"

"आपले नाव? गाव?" मेखलेने विचारले. त्याचा धूर झाला.

तिसरी एका म्हातारीची झोपडी. "माझी लेक मुकी आहे," म्हातारी म्हणाली. "अंजनाचे मोल, वर्षभरासाठी तुझा आवाज." तिने लाखेने बंद केलेली डबी पुढे केली. मेखलेचे कान लाजेने तापले.

"आजी, राग मानू नका. मी ही इथेच उघडते."

"उघड की! न बघता नेतात, तेच मागाहून मला चोर म्हणतात."

मेखलेने बोटभर अंजन स्वतःच्या डोळ्याला लावले. सात समुद्रांपलीकडचा धक्का दिसला, आणि त्यावर चाचपडत उभा असलेला दादा. तिला रडू कोसळले. तिने आपला आवाज मैनेच्या चोचीत ठेवला.

परतीच्या वाटेवर मैना मेखलेच्याच आवाजात नावाड्यांना हजार प्रश्न विचारीत होती. राजाच्या डोळ्यांत अंजन पडताच काळोख सुळकन निघून पेटीत जाऊन बसला. मुक्या बहिणीकडे पाहून राजाने तिचे हात कपाळाला लावले. मैना आवाज घेऊन म्हातारीकडे उडाली. त्याच दिवशी दवंडी पिटली गेली, की यापुढे गाठोडे व्यापाऱ्यासमोरच सुटेल.

वर्षाने एक नावाडी म्हातारीने पाठवलेला बंद शिंपला घेऊन धक्क्यावर उतरला. मेखलेने तो त्याच्यासमोरच उघडला.

"माल पोचला. अस्सल आहे," ती म्हणाली. आणि वर्षभर साचलेल्या चौकशा तिने तिथेच सुरू केल्या: म्हातारीची लेक पहिल्यांदा काय बोलली?