घास भरवून घेणाऱ्या मुंग्या

माणसाला नांगर ठाऊक नव्हता तेव्हाची गोष्ट. एका वारुळातल्या लाल मुंग्यांत भांडण जुंपलं. खालच्या मजल्यावरच्या मुंग्या काळ्या मुंग्यांना पकडून आणून राबवत. घाससुद्धा त्यांच्याकडून भरवून घेत. वरच्या मजल्यावरच्या म्हणाल्या, "सोडा त्यांना!"

"सोडलं तर बिचाऱ्या उपाशी मरतील हो," खालच्यांची सेनापती तांबुळकी डोळे पुसत म्हणाली.

झालं! सख्ख्या बहिणी एकमेकींना कडकडून चावू लागल्या. त्या धुमाळीत काळ्या मुंग्या वरच्या मजल्यावर निघून गेल्या.

चौथ्या दिवशी वरच्या मुंग्या लढायला खाली उतरल्या, तर दाण्यांच्या ढिगासमोर सगळं सैन्य तोंडं वासून बसलेलं! सोबत आलेल्या काजळी नावाच्या काळ्या मुंगीनं एक दाणा उचलला. तांबुळकीनं लगेच तोंड पुढे केलं.

काजळीनं तो स्वतःच्याच तोंडात टाकला. "बघा बाईसाहेब," ती म्हणाली, "खायचं असतं ते असं."