पिटकूची मोराची डबी

एका शहरात एक गल्ली. गल्लीत द्वारकाकाकूचं घर. घरामागच्या कोनाड्यात राहायचा इवलासा उंदीर. नाव त्याचं पिटकू.

पिटकू निजायचा पत्र्याच्या डबीत. झाकणावर मोर. मोर अर्धा पुसलेला. पिटकूची आई लहानपणी त्याच डबीत निजायची. आईची आईसुद्धा त्याच डबीत! म्हणून तर डबीला आईचा वास यायचा.

एके सकाळी आई दाणे आणायला गेली. पिटकू उन्हात शेपूट शेकत बसला. तेवढ्यात काकूनं झाडू मारला. खर्र खर्र! डबी गेली केरभरणीत. केरभरणीतून गेली कचऱ्याच्या पिंपात. धप्प!

पिटकूला रडूच कोसळलं. मग त्यानं डोळे पुसले. निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

“पिंपोबा, पिंपोबा, माझी डबी दे. मी निजू कशात, सांग ना!”

पिंपोबा म्हणाला, “घुम् घुम्! पोट माझं गच्च. डबी गेली पार तळाशी. गाडी कचरा नेईल, तर मी डबी देईन.”

टिंग टिंग टिंग! कचऱ्याची गाडी आली. गाडीवर हौसाताई.

पिटकू गेला तुरुतुरु तुरुतुरु.

“हौसाताई, हौसाताई, कचरा ने.
पिंप डबी देईना,
मी निजू कशात, सांग ना!”

हौसाताई पिंपात डोकावली. “छे रे बाबा! सालं नि बाटल्या, भात नि कागद, सगळा काला! ओला वेगळा, सुका वेगळा, तरच नेते. काकू कचरा निवडेल, तर मी कचरा नेईन.”

टिंग टिंग टिंग! गाडी गेलीसुद्धा.

पिटकू गेला तुरुतुरु तुरुतुरु.

“द्वारकाकाकू, द्वारकाकाकू, कचरा निवड.
गाडी कचरा नेईना,
पिंप डबी देईना,
मी निजू कशात, सांग ना!”

काकू म्हणाली, “निवडते रे, पण सुकं ठेवू कशात? निळ्या बादलीत मनी पिल्लं घेऊन बसलीय. मनी जागची उठेल, तर मी कचरा निवडीन.”

मनी? मनी म्हणजे मांजर! पिटकूनं शेपूट पोटाशी घेतलं. तरी गेला. तुरु... तुरु...

लांबूनच म्हणाला,

“मनीताई, मनीताई, जागची ऊठ.
काकू कचरा निवडेना,
गाडी कचरा नेईना,
पिंप डबी देईना,
मी निजू कशात, सांग ना!”

मनी म्हणाली, “म्याँव! घाबरू नकोस. तुला खायला मला वेळ कुठंय? पिल्लं माझी गारठली. मावशी गोधडी शिवेल, तर मी जागची उठेन.”

शेजारच्या ओट्यावर चंपामावशी बसली होती. पुढ्यात जुन्या कपड्यांचं बोचकं.

पिटकू गेला तुरुतुरु तुरुतुरु.

“चंपामावशी, चंपामावशी, गोधडी शिव.
मनी जागची उठेना,
काकू कचरा निवडेना,
गाडी कचरा नेईना,
पिंप डबी देईना,
मी निजू कशात, सांग ना!”

मावशी म्हणाली, “हे बघ, माझ्या लग्नातलं लुगडं. हे माझ्या लेकाचं, बाळ्याचं अंगडं. एवढुस्सा होता बाळ्या! शिवते रे, पण दोरा संपला. जास्वंदीवरची बुलबुल दोरा देईल, तर मी गोधडी शिवीन.”

पिटकू जास्वंदीवर चढला. तुरुतुरु तुरुतुरु.

“बुलबुलताई, बुलबुलताई, दोरा दे.
मावशी गोधडी शिवेना,
मनी जागची उठेना,
काकू कचरा निवडेना,
गाडी कचरा नेईना,
पिंप डबी देईना,
मी निजू कशात, सांग ना!”

बुलबुल म्हणाली, “पिलू पिलू! दोरा आहे घरट्यात. घरटं आता रिकामं. पिल्लं कधीच उडून गेली. पण दोरा सोडवतच नाही बघ. कुणी अंगाई म्हणेल, तर मी दोरा देईन.”

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

पिटकूला आईचा आवाज आठवला. तो हळूच गाऊ लागला.

“नीज नीज रे इवल्या जिवा,
वारा निजला, निजला दिवा...”

बुलबुलनं डोळे मिटले. “अशीच म्हणायचे मी. अगदी अशीच!” आणि तिनं दोरा ओढला. सर्रर्र!

बुलबुलनं दोरा दिला,
मावशीनं गोधडी शिवली,
मनी जागची उठली!

पिल्लं गोधडीत शिरली. निळी बादली रिकामी झाली.

काकूनं पदर खोचला. सालं हिरव्या बादलीत. बाटल्या निळ्या बादलीत. कागद निळ्या बादलीत. टण्! टण्! काकू हसली. “लहानपणी आम्ही कुठं काय टाकायचो? बाटल्या धुऊन ठेवायचो. कागदाच्या पिशव्या करायचो. विसरलेच होते मी!”

टिंग टिंग टिंग! संध्याकाळी गाडी पुन्हा आली.

“आत्ता कसं!” हौसाताई म्हणाली. “पण रोज असंच हवं हं, काकू. नाहीतर मी न्यायची नाही!”

काकूनं कचरा निवडला,
गाडीनं कचरा नेला,
पिंपोबानं डबी दिली!

काकूनं डबी धुतली. पुसली. कोनाड्यात ठेवली. “तुझी होती होय रे? मला काय ठाऊक!”

आई दाणे घेऊन आली. डबीत डोकावली. “अगं बाई! एवढ्याशा डबीत निजायचे मी?”

तिनं एक पाय घातला. दुसरा पाय घातला. पण छे! आई डबीत मावेना!

मग आईनं नुसतं नाक आत ठेवलं. पिटकू नाकाला बिलगला.

पिटकूची पापणी मिटली, आणि गोष्टही इथेच मिटली.