घंटेची कोरी दोरी

फार फार मागची गोष्ट. समुद्राच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे, बेटावर, दुसरं. दोघांत लढाई जुंपली. कशावरून, ते आता कुणालाच सांगता येत नाही. लढाईचं असंच असतं बघा, कारण विसरलं जातं, राख तेवढी राहते.

बेट हरलं. घरं जळाली, होड्या बुडाल्या, माणसं कंदमुळं उकडून खाऊ लागली.

जिंकलेल्या राज्यात दोन भाऊ राहत होते. काथ्याचे दोर वळायचा त्यांचा धंदा. नदीकाठी थोरल्याचा लांबलचक मांडव होता आणि मांडवात ही एवढी माणसं राबत. थोरल्याची बायको बाळंतपणात गेली होती. मागे राहिली एक लेक. मांडवात पेड वळणाऱ्या येसूमावशीनं तिला अंगावर पाजलं, वाढवलं. थोरल्याचा सगळा जीव त्या लेकीत.

लढाई जिंकल्यावर दोराला मागणी अशी, की वळला की विकला. तयार दोर शेवटी बैलांना जुंपून ओढायचा. टिकला तो गाडीत, तुटला तो चुलीत. झालं काम.

धाकटा मात्र कुरकुर करी. "दादा, दोर शेवटी तुटतो, पण बिघडतो मधेच कुठंतरी. ज्याच्या हाताला बिघाड लागला, त्यानं तिथंच हात वर करावा. सगळ्यांनी थांबावं, बघावं, मग पुढं जावं."

"आणि गाड्या कुणी भराव्यात? तुझ्या सासऱ्यानं?" थोरला हसून म्हणे. सगळा मांडव हसे.

पुढं असं झालं, की बेटावर राजाचं सैन्य बसलेलं, त्याला होड्यांसाठी दोर लागे. बेटावरचे दोर इतके कच्चे की वासरानं हिसडा दिला तरी तुटावेत. राजा म्हणाला, "कुणीतरी जाऊन त्या लोकांना शिकवा."

थोरला धाकट्याला म्हणाला, "तूच जा. त्यांच्याकडं गमवायला काही उरलेलं नाही, ते ऐकतील तुझं."

चेष्टेत बोलला, पण शब्द न् शब्द खरा निघाला.

धाकटा बेटावर गेला, तो तिथलाच झाला. वर्षं गेली. आणि मग बंदरात बेटाचे दोर उतरू लागले. खलाशी ते दोर हातात घेत, वास घेत, वाकवून बघत, आणि थोरल्याच्या गाड्या भरलेल्या तशाच परत येत.

थोरल्याची झोप उडाली. तो गलबतात बसून बेटावर गेला.

बघतो तर काय, धाकट्याच्या मांडवाच्या मधोमध घंटा टांगलेली. कुणाच्याही हाताला काही वेगळं लागलं की तो दोरी ओढी. घणघण होई, दोर पिळायची चाकं थांबत, आणि धाकटा ताटावरून उठून धावत येई. थोरल्यादेखत एका म्हाताऱ्यानं घंटा वाजवली. धाकटा त्याच्याजवळ मांडी घालून बसला, म्हणाला, "बरं केलंत बाबा. दाखवा बघू, हे आलं कुठून?"

शोधता शोधता चाकाची एक खुंटी झिजलेली सापडली. ती बदलली. चाकं पुन्हा फिरू लागली.

"कुणी केलं ते विचारलं नाहीस?" थोरल्यानं विचारलं.

"कुणी केलं विचारलं की माणूस लपतो, दादा. कुठून आलं विचारलं की खुंटी सापडते."

घंटेची दोरी हातांच्या घामानं काळी पडली होती. दोनदा तुटून गाठ मारलेली होती. थोरल्यानं ते पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "घंटा! अरे, एवढंच होय तुमचं गुपित!"

धाकटा म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर. चार दिवस राहीन."

"तू कशाला? मला कळलं सगळं."

धाकटा त्याला गलबतापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "घंटा न्यायला सोपी आहे, दादा. ती वाजल्यावर तुझं तोंड कसं असेल, ते आधी ठरव."

थोरल्याला वाटलं, परमुलखात राहून हा फार बोलायला शिकला.

घरी येऊन थोरल्यानं पितळेची घंटा ओतवली, बेटावरच्या घंटेच्या दुप्पट. तिला पांढरीशुभ्र दोरी बांधली. नारळ फोडला, सगळ्यांना गूळखोबरं वाटलं. म्हणाला, "ज्याला चूक दिसेल त्यानं वाजवायची. भ्यायचं नाही."

आणि एके सकाळी येसूमावशीनं ती वाजवली.

दारात गाड्या उभ्या होत्या, बंदरात गलबत खोळंबलं होतं. थोरला तावातावानं आला. "कुणी वाजवली?"

सगळ्यांचे हात थांबले, माना खाली गेल्या.

"मी, मालक," येसूमावशी म्हणाली. "काथ्याला कुबट वास येतोय. हाताला मऊ लागतोय."

थोरल्यानं काथ्या उचलला, नाकाशी नेला न नेला, टाकून दिला. त्यानं शिवी दिली नाही, की हात उगारला नाही. नुसता हसला. "मावशी, तुमचं नाक आता म्हातारं झालं. नातवंडं खेळवायची घरी बसून, तर इथं घंटा वाजवत बसलाय!"

मांडव हसला. येसूमावशीही हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, तो कशासाठी ते कुणी पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर घंटा वाजली नाही. थोरला पाहुण्यांना मांडव दाखवी आणि छाती फुगवून म्हणे, "बेटावर दिवसभर घणघण चाललेली असते. आमच्याकडं बघा, चूकच होत नाही!"

लेकीचं लग्न ठरलं, नदीपलीकडच्या गावात. नदीवर दोर ताणलेला असे आणि तो धरून धरून नाव पलीकडं ओढत नेत. थोरला म्हणाला, "जुना दोर काढा. माझी लेक माझ्या मांडवातल्या दोरानं नदी ओलांडेल."

तो दोर येसूमावशीनंच वळायला घेतला. लेक शेजारी बसून चिडवत होती, "मावशी, माझ्या सासरी येशील ना? का दोरच वळत बसशील?"

"येते की. तुझ्या सासूला वळते चांगली," मावशी म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा हात अडखळला. काथ्या मऊ लागला. तोच कुबट वास.

तिनं वर पाहिलं. घंटेची दोरी हाताच्या अंतरावर होती. तिथंच थोरला व्याह्यांना घेऊन उभा होता, मांडव दाखवत.

तिचा हात उठला. अर्ध्यावर थांबला. म्हातारं झालं असेल माझं नाक, असं ती मनाशी म्हणाली, आणि पिळाला आणखी एक वेढा देऊन तिनं तो पेड आत दडपला.

दोर तयार झाला. बैलांनी ओढला. टिकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वरात नावेत बसली. सनई वाजत होती. नाव मधल्या धारेला लागली आणि दोर तुटला.

नाव उलटली. बरीच माणसं पोहून आली. नवऱ्या मुलाला कोळ्यांनी ओढून काढलं. लेक आली नाही. तिचा हिरवा शालू जड होता.

थोरल्यानं किती दिवस अन्न घेतलं नाही, ते कुणी विचारू नये. एके दिवशी तो दोराचं तुटकं टोक घेऊन मांडवात आला. वरचे पेड कोवळ्या सोन्यासारखे पिवळे होते. आत एक पेड काळा, कुजलेला.

"कुणी..." असं त्याच्या तोंडून निघालं, आणि तो थांबला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. मग तो येसूमावशीसमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "मावशी, हे आलं कुठून?"

"हाताला लागलं होतं, मालक," ती म्हणाली. "माझ्या दुधावरची पोर ती. माझ्या हाताला लागलं होतं."

"मग घंटा का नाही वाजवलीत?"

"वाजवली होती की," ती हळू म्हणाली. "एकदा."

काथ्या वाहून आणणारा पुढं झाला. "मला पण वास आला होता, मालक."

"कुठला ढीग?"

"कोठीतला, कोपऱ्यातला."

थोरला कोठीत गेला. कोपऱ्यावरचं एक कौल सरकलं होतं. पावसाळ्यात तिथून ठिबकायचं आणि ढिगाचा तळ कुजायचा. मावशीनं घंटा वाजवली, तेव्हाही ते सरकलेलंच होतं.

तो शिडी लावून वर चढला. कौल सरळ केलं. पान जुळवून विडा तोंडात टाकायला लागतो, तेवढाही वेळ लागला नाही. मग तो वरच बसून राहिला. खालच्या माणसांना त्याचं रडणं ऐकू येत होतं.

उतरल्यावर तो घंटेपाशी गेला. मांडवात सगळं जुनं झालं होतं, पण घंटेची दोरी अजून पांढरीशुभ्र होती, जशी बांधली तशी कोरी. त्यानं ती ओढली. घण्ण झालं. सगळी चाकं थांबली. पण त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. सगळे आपापल्या हातांकडं बघत राहिले.

पुढं थोरला म्हातारा होईस्तोवर त्या घंटेखाली बसत असे. कुणी जवळ आलं की उठून उभा राही, हात जोडी, म्हणे, "सांगा बाबा, काय दिसलं?" माणसं म्हणत, "काही नाही, मालक," आणि कामाला लागत. एकदा बसलेलं भय हातातून लवकर निघत नाही. नदीवर नवा दोर आला तो बेटावरचा, धाकट्यानं स्वतः आणून बांधलेला. येसूमावशी ती नदी पुन्हा कधी ओलांडून गेली नाही.

तर लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: चूक दाखवणाऱ्याला ज्या घरात मान खाली घालावी लागते, त्या घरात चूक मुकी होते, आणि मुकी चूक आपलं सगळ्यात प्रिय माणूस घेऊन जाते.