सुतळीतला बाण

"बरोबरीचं चिन्ह खोटं बोलतं, हे तुम्हाला मान्य आहे की नाही, बुवा?"

यशोधन पुण्याहून आला होता. चप्पल काढायच्या आधीच त्याने हे विचारलं. नमस्कार वगैरे नाहीच.

सदोबाबुवा टेकडीवरच्या मठात राहतात. मठात येण्याआधी त्यांनी संगणकाची एक भाषा घडवली. तिचं नाव सुतळी. कारखान्यात, शाळेत, पाण्याच्या मोटारीवर ती अजून चालते. तिच्यात काही बदलायचं तर बुवांनी हो म्हणावं लागतं.

"कसलं खोटं?" बुवा म्हणाले.

यशोधनने धुनीची राख जमिनीवर पसरली आणि बोटाने लिहिलं.

क = क + १

"क हा स्वतःपेक्षा एकाने मोठा कसा असेल? कुठलं शहाणं पोर हे मानेल? आपल्याला म्हणायचं असतं, क मध्ये एक मिळवा आणि आलेलं परत क मध्ये ठेवा. मग तसंच लिहा ना."

त्याने खाली दुसरी ओळ काढली.

क ← क + १

"नवी किंमत बाणाच्या वाटेने जाते आणि नावात बसते. झालं."

बुवा वाकून बघत राहिले. त्यांना खरंच मौज वाटत होती.

"छान आहे रे. मला का नाही सुचलं हे?"

यशोधन फुलला. याच बाणापायी त्याने नोकरी सोडली होती. बाप बोलत नव्हता. नकार घेऊन घरी जायला त्याला तोंड नव्हतं.

"आणि जुनं चिन्ह?"

"बंद. दोन्ही ठेवली तर लोक आळसाने जुनंच वापरणार."

"ज्यांनी जुन्यात लिहून ठेवलंय, ते?"

"शिकतील. नाही शिकले तर बसतील बोंबलत."

बुवा उठले. आपल्या घोंगडीकडे हात केला.

"बस."

"मी?"

"मग काय धुनीला सांगतोय?"

या मठाची रीत आहे. घोंगडीवर जो असेल त्याला येणाऱ्याने विचारायचं, आणि त्याने उत्तर द्यायचं; तेच मठाचं उत्तर. बुवांना ताप होता तेव्हा भाकऱ्या थापणारीही बसली आहे. यशोधन ऐटीत बसला.

तेवढ्यात हौसाबाई चढ चढून आल्या. खालच्या वाडीची पाण्याची मोटार त्या सांभाळतात. मोटार कधी सुरू व्हायची, कधी थांबायची, ते ठरवणारा प्रोग्रॅम त्यांच्या नवऱ्याने सुतळीत लिहिला होता. नवरा आता नाही.

घोंगडीवर यशोधनला बघून त्या थबकल्या.

"एसटीत भाषा बदलणार, भाषा बदलणार म्हणून कान किटवलेस, तो तूच ना? असू दे. आता तू बसलायस, तर तुलाच विचारते."

त्यांनी हात जोडले.

"आमचा संगणक गेला. नवा बसवतायत, त्यात नवी सुतळी येणार म्हणे. आमच्या ह्यांनी लिहिलेलं तिच्यात चालेल का? दुसरं लिहायला माणूस नाही बाबा."

यशोधनने बुवांकडे पाहिलं. बुवा राखेतला बाण बघत होते, मान तिरकी करून.

"बोल की. अख्खी वाडी त्या पाण्यावर आहे."

"चालेल," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, मावशी."

हौसाबाई उतरून गेल्या. यशोधन राखेतल्या दोन्ही ओळींकडे वळला.

"बुवा... त्यांचं चालायचं तर जुनं चिन्ह ठेवावं लागेल. ते ठेवलं तर माझा बाण कोण वापरणार? आणि बाण नको म्हटलं, तर खोटं तसंच राहिलं..."

बुवा पायात चपला सरकवत होते.

"सांगा ना, बुवा. बाण घ्यायचा की नाही?"

"मला काय विचारतोस? घोंगडीवर कोण बसलंय?"