चार स्क्रूंचं काम

रावसाहेब धुमाळ वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि दुसऱ्याच्या घामाला पाणी समजायचे. संगणकाचे सुटे भाग त्यांनी शहरातून मागवले आणि जोडायला शमीम मुजावरला बोलावलं. तिने दोन दिवस खपून मशीन उभं केलं. मजुरीचा विषय निघताच रावसाहेब म्हणाले, "अगं, सामान आमचं. तू चार स्क्रू तर पिळलेस. त्याचे कसले पैसे?"

शमीमने हट्ट न धरता हत्यारं पिशवीत भरली. गावात कामं त्यांच्याच शब्दावर मिळायची.

उद्घाटनाला ती मागच्या रांगेत बसली. मशीनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि रावसाहेब माइकवर म्हणाले, "कारागिराला पैसे कशाला द्यायचे? हा संगणक मी स्वतः, या हातांनी जोडलाय." टाळ्या पडल्या. फोटोसाठी त्यांनी मशीन उचललं आणि दाणकन खाली ठेवलं. मग बटण दाबलं, तर पडदा काळाच, आणि आतून नुसती पीं पीं.

"शमीम, बघ गं जरा," माइक चालू आहे हे विसरून रावसाहेब बोलले.

आतली कुठली पट्टी हललीय, हे शमीमला आवाजावरूनच कळलं होतं. तिने पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढून रावसाहेबांच्या हातात ठेवला.

"चार स्क्रूंचंच काम आहे, साहेब. ज्या हातांनी जोडलंय, त्या हातांना ठाऊक असेल."

त्यानंतर गावात शमीमला कोणी काम दिलं नाही. मशीनही अजून बंदच आहे. ज्याने स्वतः जोडलं, तो दुरुस्तीला कुणाला बोलावणार?