भाकरी खाऊन विचारलेला प्रश्न

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की कुणाचं दुःख त्याला विचारल्यावाचून चारचौघांत सांगायचं नाही. शेजारणी हसल्या, "अगं, मग बोलशील तरी काय?" तेव्हा त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हां लहानथोरांना सांगते.

फार जुन्या काळी एका राजाने तलाव बांधला. त्यात एक गाव बुडालं. तिथली माणसं उघड्या माळावर येऊन राहिली. घरं गेली, शेतं गेली, पण एक रीत त्यांनी जपली. आपल्या चुलीवरची भाकरी ज्याने खाल्ली, त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं.

राजाचा एक पंडित त्यांची हकिगत लिहायला आला. रीत कळताच तो घरोघरी जेवू लागला.

"पंडितबुवा, ही सातवी चूल हं," एक म्हातारी हसून म्हणाली. "पोटाला भोक पडलंय की काय?"

पंडितही हसला. भाकरी संपवून त्याने विचारलं, "आजी, पीक नाही, मग मजुरीचं धान्य सरल्यावर आषाढात खाता काय?"

म्हातारी घुटमळली. मांडीवर आईबापांवेगळी नात होती. पण पंडिताने भाकरी खाल्ली होती.

"पलीकडच्या घळीत रानकंद आहेत," ती हळूच म्हणाली. "त्यांवरच तगतो. कुणाला सांगू नका, बाबा."

पंडिताने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

पोथी दरबारात वाचली गेली. पंडिताला शाल मिळाली. कारभाऱ्यांनी राजवैद्याच्या औषधांसाठी सगळे कंद खणून नेले आणि घळीला कुंपण घातलं.

त्या आषाढात म्हातारीची नात भुकेने मेली.

पुढच्या वर्षी पंडित पुन्हा आला. या लोकांची उपासमार का होते, हे त्याला लिहायचं होतं.

"आधी मागचं वाचून दाखवा," म्हातारी म्हणाली.

तो वाचू लागला. घळीपाशी येऊन अडखळला.

"वाचा की! शब्द न् शब्द खरा आहे. आम्हीच सांगितलेला."

"आजी, माझ्या मनात वाईट नव्हतं हो."

"नसेल. माझ्या नातीच्याही नव्हतं."

त्यानंतर त्या वस्तीत आल्यागेल्याला पाणी मिळे. भाकरी मात्र कुणी पुढे करीत नसे.

बोध एवढाच, की घरादारातून उठवल्या गेलेल्या माणसाकडून काही जाणून घ्यायचं तर ते कुठे जाणार हे त्याला आधी सांगावं, आणि तो नको म्हणाला तर लेखणी खाली ठेवावी.

मोडलेला विश्वास पुन्हा जुळतो, अशी माझी श्रद्धा आहे. म्हणून बायांनो, बाबांनो, एवढा नेम तुम्हीही धरा.