राही सोनारणीचं हरीण

फार मागची गोष्ट. किती मागची? तर आमच्या निरगुडीत तेव्हा काडेपेटीसुद्धा पोचली नव्हती, एवढी. त्या काळी गावात राही नावाची सोनारीण होती. देवघरातले टाक घडवावेत तर तिनेच. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा आणि त्यावर उठवलेला देव. देवाचा डोळा ती सगळ्यात शेवटी कोरायची, तोही यजमानाला समोर बसवून. डोळा उघडला की पहिली नजर ज्या माणसावर पडेल तो त्या देवाचा राखणदार, असा तिच्या घराण्याचा नेम होता. तिने घडवलेला खंडोबा भंडारा उधळला की शिंकायचा, असं म्हणतात. मी ऐकलं नाही बुवा. पण म्हणतात.

एके वर्षी हैबतराव सरदारांकडे समुद्रापारहून बंदूक आली. फ्रेंचांनी बनवलेली, तेव्हा त्यांना फरासीस म्हणायचे. बंदूक कसली, नटलेली नवरीच! निळी झाक मारलेली नळी, तिच्यावर सोन्याची नक्षी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि त्या दस्त्यात केसाएवढी चांदीची तार बसवून काढलेली वेल. वेलीतून शिकारी कुत्री धावत होती. पण ज्याच्यामागे धावत होती ते हरीणच वाटेत कुठेतरी निखळून पडलं होतं. तिथे नुसता खळगा.

सरदार म्हणाले, "राही, दसऱ्याला हिचा पहिला बार देवराईतल्या म्होरक्या चितळावर काढायचाय. तोवर हरीण बसव."

देवराईतला कळप म्हणजे रानजाई देवीची गुरं. गावातलं कुणी तिथली वाळकी काटकीही उचलत नसे. आणि एका शिंगाचं टोक मोडलेला तो म्होरक्या तर राहीच्या दारातल्या कण्या खाऊन मोठा झालेला.

सगळं गाव तिच्या ओट्यावर लोटलं. पाटील म्हणाले, "पोरी, काम बिघडवून ठेव. तुटकी बंदूक सरदार दसऱ्याला हातात धरायचे नाहीत."

"पाटीलबाबा, हाताला खोटं काम शिकवलं, तर उद्या तुमच्या घरचा देव कुणी घडवायचा?"

झालं! सोनारीण सरदाराला मिळाली, अशी बोंब उठली. पाणवठ्यावर बाया तिच्याशी बोलेनात. राही घरी येऊन ढसाढसा रडली, मग तोंड धुऊन बंदूक मांडीवर घेऊन बसली. वेलीचं पान न् पान तिने बोटाने चाचपलं. एका पानावर त्या फरासीस कारागिराचा हात घसरला होता, आणि पठ्ठ्याने त्या घसरणीचीच गोगलगाय करून टाकली होती! राही खदखदून हसली. "अरे चोरा! तू तर माझाच भाऊ निघालास. बरं, कुत्री तुझी राहू देत. हरीण माझं."

मग ती रोज सकाळी राईत जाऊन म्होरक्यासमोर बसायची. त्याची मान, त्याच्या अंगावरचे ठिपके, मोडकं शिंग, सगळं तिने चांदीत उतरवलं. फक्त डोळा बाकी ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी चावडीवर सरदारांना समोर बसवून ती म्हणाली, "सरकार, इकडे बघा. हलू नका." आणि एकाच टोल्यात डोळा उघडला. "घ्या. आता हे तुमच्या राखणीला."

सरदार मिशीत हसले आणि राईकडे निघाले. मागून अख्खं गाव, जीव मुठीत धरून. म्होरक्या समोरच उभा होता. सरदारांनी दस्ता गालाला लावला, आणि दचकले. गालाशी काळीज धडधडत होतं! बंदूक खाली घेतली, सगळं गप्प. पुन्हा लावली, पुन्हा धडधड. तिसऱ्यांदा त्यांनी चांदीच्या हरणाकडे पाहिलं. ते त्यांच्याकडेच बघत होतं.

आणि सरदार एकदम गडगडून हसले. "फसवलंस की गं मला! सरदाराचा गुराखी केलास!"

"मी कुठं, सरकार? नेम घराण्याचा."

त्याच क्षणी चांदीच्या हरणाने टुणकन उडी मारली आणि ते कळपात मिसळलं, असं म्हणतात. कुत्री मागेच राहिली. त्यांचे डोळे कुणी उघडले होते! पाटील तिथेच फुगडी घालायला लागले, आणि बायांनी राहीला पुरणपोळी खाऊ घालून घालून बेजार केलं.

अजून दसऱ्याला निरगुडीची माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन राईच्या कडेला जमतात. सोनारघरची सून प्रत्येक दांड्यावर चुन्याचा डोळा काढते. मग ज्याची कुऱ्हाड त्याने ती गालाला लावायची. गाव ओरडतं, "वाजलं का?" तो म्हणतो, "वाजलं!" "मग ठेव खाली!" त्या दिवसापुरतं हत्यार खाली, आणि राईत तर ते कधीच न्यायचं नाही.

गेल्या साली गावातला महिपती झाडं कापायचं नवंकोरं यंत्र घेऊन आला. "ह्यात कसलं आलंय काळीज?" म्हणत हसत हसत त्याने ते गालाला लावलं. पोरं ओरडली, "वाजलं का?" महिपतीने ते गालापासून दूर केलं, पुन्हा लावून पाहिलं. मग त्याने यंत्र हळूच खाली ठेवलं.